बाप्तिस्म्याचं पाणी

"ब्रिजित, तुझं पहिलं बाळ गेलं, तेव्हा मी त्याला बाप्तिस्मा दिलाच नव्हता," कतरीन सुईण दारातच म्हणाली.

बाळ वाचणार नसेल तर सुईणीनंच कपाळावर पाणी घालायचं, ही गावच्या ख्रिस्ती लोकांची रीत. त्या दिवशी घाबरून कतरीन प्रार्थनेचे शब्दच विसरली, पाणीही घातलं नाही, आणि बाप्तिस्मा दिला असं ब्रिजितला खोटंच सांगितलं. पुढं दर रविवारी ब्रिजित चर्चबाहेर तिचे हात प्रेमानं हातात घ्यायची, तेव्हा कतरीनला आपले हात चोराचे वाटायचे.

"देवाकडे माफी मागितली. आता तुझ्याकडे मागते."

ब्रिजितनं तिला आत आणून बसवलं. "मावशी, बाळाचं कपाळ कोरडं होतं. तू बाहेर गेल्यावर मीच तांब्यातलं पाणी घातलं."

"मग बोलली का नाहीस?"

"माफ तर तेव्हाच केलं होतं. तू सांगायची वाट बघत होते."