चिकटवही

लताबाई बेसमेंटमधून वाळलेले कपडे घेऊन वर आल्या, तेव्हा मैत्रेयी शेवटचं कार्ड तळहाताने दाबून बसवत होती.

"आजी, लुक! दीज आर सो मच प्रिटीअर."

सकाळी दोघींनी ग्रोसरीच्या जाहिरातींतून कोबी, केळी, अंडी कापून काढली होती. लताबाईंनी कणकेची खळ शिजवली होती. एका पानावर एक चित्र, खाली एक रेघ, रेघेवर एक मराठी वाक्य. गुहागरच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला त्या असंच शिकवायच्या.

आता कोबीच्या पुढच्या पानांवर बायका होत्या. पोहण्याच्या पोशाखातल्या, झोपाळ्यावर बसलेल्या, वाऱ्याने झगा उडालेल्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिक खिशात बाळगायचे, ती कार्डं. लताबाईंचा मुलगा राजन ती पांढरे हातमोजे घालून हाताळायचा. त्यांची प्लास्टिकची पाकिटं टेबलाखाली पडली होती. प्रत्येक बाईखाली मैत्रेयीने पट्टीने रेघ मारून ठेवली होती.

लताबाईंनी एका कार्डाचा कोपरा नखाने उचलून पाहिला. ओला झालेला जुना कागद पापुद्र्यासारखा सुटून आला.

"पप्पांना विचारलंस?"

"नो. यू सेड, आवडेल ते चित्र घे."

टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. दुपारी वॉटर्लूहून येणारं गिऱ्हाईक कार्डं विकत घेऊन गेलं, की राजन आईचा कॅनडाचा व्हिसा वाढवायचा अर्ज भरणार होता. नाहीतर आजी शुक्रवारी विमानात.

गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसून राजन आत आला. बुटांचा बर्फ झटकता झटकता तो थांबला. त्याने वहीची पानं उलटली. एक, मग दुसरं, मग सगळी.

"कोणी केलं हे?"



"मैत्रेयी, तू? खरं सांग. तू असशील तर स्केटिंग बंद. आय विल थ्रो दोज स्केट्स आउट."

मैत्रेयीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आजी," ती म्हणाली.

राजन हसला. "वाटलंच मला. उघड्या बायका बघवल्या नाहीत ना आई तुला? परवा तोंड वाकडं केलंस, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. म्हणून चिकटवून टाकल्यास? कोबीच्या शेजारी?"

लताबाईंनी तोंड उघडलं. मैत्रेयीचे हात अजून पाठीमागेच होते. त्यांनी हातातले कपडे खुर्चीवर ठेवले.

राजनने लॅपटॉप बंद केला. "शुक्रवारचं तिकीट आहे ना? जा. राहून तरी काय करणार आहेस? हिला मराठी शिकवते म्हणून आलीस. अख्खा विंटर गेला, पोरगी एक वाक्य धड बोलत नाही."

"बोलते," लताबाई म्हणाल्या.

त्या मैत्रेयीकडे वळल्या. "नुसतं 'आजी' नाही, बाळा. पूर्ण वाक्यात सांग पप्पांना."

मैत्रेयी ताठ उभी राहिली. रोज धडा म्हणून दाखवताना राहायची, तशीच.

"आजीने सगळी चित्रं वहीत चिकटवली."

राजनने मान हलवली आणि गिऱ्हाइकाला फोन लावत तो आतल्या खोलीत गेला.

लताबाईंनी मैत्रेयीचा हात पाठीमागून पुढे घेतला. बोटांवर वाळलेली खळ त्या नखाने हळूहळू खरवडू लागल्या.

"शाब्बास," त्या म्हणाल्या.