बर्निसचे अकरा आजार

"उद्या बारा वाजेपर्यंत बेड सोडायचा," बर्निसनं कागद पुन्हा वाचला. "मी म्हणे घरी जाण्याइतकी ठणठणीत आहे!"

"कोण म्हणतं? डॉक्टर?" शेजारच्या बेडवरून लोरेननं विचारलं.

"डॉक्टर म्हणतो, अजून तीन आठवडे. विमा कंपनी म्हणते, उद्या."

दोघी नणंद-भावजय. चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या त्याही एकमेकींचा हात धरूनच. दोघींचा खुबा मोडला, एकाच सर्जननं जोडला. पुन्हा चालायला शिकवणाऱ्या, अमेरिकेतल्या टोलेडोच्या या केंद्रात दोघी एकाच दिवशी आल्या. फरक एवढाच, की लोरेनकडे साधं सरकारी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा आरोग्यविमा होता. तिला कधी सोडायचं ते डॉक्टर ठरवणार. बर्निसनं तेच मेडिकेअर एका खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं. पैसे सरकार कंपनीला देतं आणि बर्निसला काय मिळणार ते कंपनी ठरवते. वर चष्मा फुकट, दात फुकट, जिमसुद्धा फुकट.

"तेव्हाच सांगत होते, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात."

"टोमणे पुरे गं! घरी सोळा पायऱ्या आहेत. मला इथल्या दारापर्यंत जाता येत नाही."

तिनं कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली. "मॅडम, खुबा सोडला तर तुम्हाला गंभीर असं काहीच नाही. बाकीचे व्यायाम घरीच करा."

बर्निसनं पर्स पांघरुणावर उपडी केली. त्या पर्समध्ये गेलेला कागद कधी बाहेर पडत नसे. मागच्या एप्रिलमध्ये कंपनीनंच घरी नर्स पाठवली होती. नर्सनं कॉफी घेतली, केकचे दोन तुकडे खाल्ले, तासभर प्रश्न विचारले, अकरा आजार लिहून नेले आणि एक प्रत बर्निसच्या हातात ठेवली. त्यातल्या एकावरही पुढे साधी गोळी आली नाही.

"हृदय कमजोर," बर्निस फोनवर वाचू लागली. "पायांच्या नसा निकामी. फुप्फुसं अधू. हे तुमच्याच नर्सनं लिहिलंय ना?"

"तो कागद उपचारांसाठी नसतो, मॅडम," मुलगी सहज म्हणाली. "तो सरकारकडे जातो. माणूस जितका आजारी, तितके आम्हाला जास्त पैसे मिळतात."

बर्निसच्या अंगाची लाहीलाही झाली. अकरा आजारांचे पैसे खायचे आणि वर म्हातारीला सोळा पायऱ्या चढायला लावायच्या! जनाची नाही, तर मनाची तरी?

तिनं फोन ठेवला. लोरेनकडून तिचं मेडिकेअरचं कार्ड मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवरचा सरकारी नंबर फिरवला.

"माझ्यापुढे एकाच कंपनीचे दोन कागद आहेत," ती म्हणाली. "एकात मला अकरा आजार आहेत, दुसऱ्यात मी ठणठणीत आहे. एक तर मी आजारी आहे, नाही तर ते चोर आहेत. उद्या बाराच्या आत काय ते ठरवा."