दरवेळी चुकणारा प्रश्न

प्रश्न स्क्रीनवर होता आणि रीनाचे डोळे मिटत होते. बाहेर नागपूरचं मे महिन्याचं ऊन, आत एसीचा गारवा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटची परीक्षा, आणि बाईसाहेबांना आली पेंग!

‘काम वेळेत झाले. पण ज्यांच्यासाठी केले, ते खूश नाहीत. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?’

अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलली. त्यांच्या जागी तिच्या फ्लॅटची गॅलरी आली. गॅलरीत तिची आई, सिंधूताई. खुर्ची दूरच्या कोराडीकडे वळवून बसलेली, हातात फडकं. तिकडे तिच्या घरात वीजकेंद्राची राख बसायची, रोज पुसावी लागायची. इथे राख नाही, तरी बाई चकचकीत कठडा पुसत होती. पुसता पुसता कठडा लांबत चालला, पार कोराडीपर्यंत गेला.

आईला इथे आणणं हा रीनाचा सगळ्यात देखणा प्रोजेक्ट होता. फ्रिजवर रंगीत तक्ता, टेम्पो वेळेवर, सामानातला एक कप फुटला नाही. कोराडीच्या घराला गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं. रविवारी सौदा पक्का करून मग आईला सांगायचं, असा बेत. पण आल्यापासून आई धड बोलत नव्हती. गरम ताट वेळेवर पुढ्यात यायचं, शब्द मात्र नाही. आई आपल्यावर रुसली, या विचाराने रीनाचा जीव तुटायचा.

‘मॅडम, हा प्रश्न तुम्ही दरवेळी चुकता,’ क्लासचे उन्मेष सर वैतागून म्हणायचे. ‘साहेबाले कळवू नका, नवा तक्ता काढू नका. पहिले त्या माणसाले विचारा न!’

रीना दचकून जागी झाली. स्क्रीनवर प्रश्न तसाच होता. या वेळी तिने बरोबर उत्तर दाबलं. का कोण जाणे, डोळे भरून आले.

ती पास झाली. घरी आली तेव्हा आई गॅलरीतच होती.

‘आई, पास झाली मी.’

सिंधूताईंनी फडकं खाली ठेवलं आणि किती दिवसांनी तोंडभर हसल्या. रीनाने बॅगही उतरवली नव्हती.

‘आई, तुले काय पाहिजे वं? मी तं घर विकाले काढलं. तुले विचारलंच नाही.’

‘विकाले?’ सिंधूताईंनी पदराची गाठ सोडली. ‘किल्ली तं माह्याजवळ हाये!’

‘मंग रुसली काहून होती?’

‘रुसली कुठं? तू अभ्यास करून राहिली होती, म्हणून गप बसली. अभ्यासात तू उपाशी राहते, दहावीतही तशीच. म्हणून तं आली मी, परीक्षेपुरती. सगळं सामान तं तूच भरलं. झाली न पास? उद्या टेम्पो बोलाव.’

रीनाने तिथेच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन केला, नाही म्हणून सांगितलं. मग खुर्चीजवळ खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. साडीला राखेचा वास नव्हता. तो असायला हवा होता, असं तिला वाटून गेलं.

‘आई, हे सर्टिफिकेट टिकवा लागते. दर तीन वर्षांत नवा अभ्यास दाखवा लागते.’

‘येईन न मंग,’ सिंधूताई किल्ली पुन्हा पदराला बांधत म्हणाल्या. ‘फक्त पहिले विचारजो.’