दोन खुणा सैल

काकांच्या नाकाला चिमटा लागला आणि इकडे काकूंचाच श्वास कोंडला.

"या मोजणीच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि श्वास जोरात आत ओढा. फुंकायचं नाही हं," फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या. "सहा आठवड्यांपूर्वी श्वासाच्या जोराचा आकडा बेचाळीस होता. रोज सकाळी तीस श्वास झालेत ना?"

"मोजून झालेत," काकूंनी घाईघाईने सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

घरी श्वास ओढायचं मुठीएवढं नळकांडं काकूंच्या पिशवीत होतं. आत स्प्रिंग, बाहेर खुणा. खूण जितकी वर, तितका श्वास ओढायला जड. हृदय थकलंय तर श्वासाच्या स्नायूंनी तरी हात द्यावा, म्हणून हा व्यायाम. पहिल्याच दिवशी काकांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि काकूंच्या काळजाचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी काका दाढी करत असताना त्यांनी गुपचूप खूण दोन घरं खाली आणली. मग रोज तीच खूण. काका तीस श्वास हसतखेळत ओढायचे आणि आंघोळीला जाऊन अर्धा अर्धा तास नळ सोडून बसायचे. घरात कुरकुर होती ती तेवढ्या नळावरून.

आकडा वाढला नाही तर पुन्हा भरती व्हावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मायेपोटी आपण माणसाचे सहा आठवडे खाल्ले, काकूंना वाटलं. त्या उठल्याच.

"ताई, थांबा जरा. माझंच चुकलं–"

"तू बैस गं," काका गेंगाण्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी नळी तोंडात धरली.

तीनदा ओढून झालं. ताईंनी आकडा पुन्हा एकदा पाहिला. "सत्तावन्न! काका, कमाल केलीत."

काकूंना आनंद झाला, पण आपली चोरी मनातून जाईना. बाहेरच्या बाकावर त्यांनी काकांचा हात धरला. "अहो, ते यंत्र मी सैल करून ठेवलं होतं."

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं घड्याळांच्या स्प्रिंगा बसवल्या मी. दोन खुणांचा फरक कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा चेहरा बघवत नव्हता."

"अहो, पण मग सत्तावन्न आले कुठून?"

काका जरा ओशाळले. "आंघोळीला जाताना ते घेऊन जायचो आणि मूळ खुणेवर ओढायचो. नळाच्या आवाजात तुला धापा ऐकू येत नाहीत. झालं की परत तुझ्या खुणेवर आणून ठेवायचो."

काकूंनी डोळे पुसले. पिशवीतून नळकांडं काढलं आणि खूण दोन घरं वर सरकवली.

"उद्यापासून नळ बंद," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बसून ओढा. मी बघेन."