लाकडाच्या तहातलं एक वाक्य

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत दोन्ही मंत्र्यांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. जे काही बोलायचं ते दोघंही क्षिप्रा बर्वेकडे बघून बोलत होते.

ती टेबलाच्या टोकाला वही उघडून बसली होती. डावीकडे नदीच्या उत्तरेकडच्या देशाची माणसं, उजवीकडे दक्षिणेकडची. उत्तरेचं लाकूड स्वस्तात येऊन आमच्या गिरण्या बुडवतं, असं म्हणत दक्षिणेनं त्याच्यावर जबर आयात शुल्क बसवलं होतं. उत्तरेनं मग दक्षिणेच्या प्लायवूडवर तेवढंच लावलं. आठ महिने झाले होते. दोन्ही काठांवरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि चाळीस हजार माणसं घरी बसली होती. एकमेकांच्या राजधानीत पाऊल टाकायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून बोलणी सिंगापूरच्या एका हॉटेलात चालली होती.

पहिल्या दिवशी दोघांनी आपापले दुभाषे आणले, तर दुपारपर्यंत त्या दुभाष्यांचंच जुंपलं. इंग्रजीत बोलणं दोन्ही मंत्र्यांना कमीपणाचं वाटत होतं. शेवटी आयोजकांनी त्या दोघांनाही खोलीबाहेर काढलं आणि क्षिप्राला बोलावलं. दोन्ही भाषा येतात आणि दोन्ही देशांशी काही नातं नाही, असं माणूस त्यांना दुसरं सापडलं नाही.

क्षिप्राला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. पुण्यात भाषाशास्त्र शिकलेली मुलगी लग्न करून इथे सिंगापूरला आली आणि जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये, लेकीला मांडीवर घेऊन, या दोन भाषा घोकत राहिली. बावीस वर्षांत तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. "बोलणाऱ्यानं शिवी दिली तर आपणही दुसऱ्या भाषेत तीच शिवी सांगायची," असं ती नवीन दुभाष्यांना बजावायची.

उत्तरेचे मंत्री सत्तरीचे, सावकाश बोलणारे. दक्षिणेचे मंत्री बोलायला लागले की ते खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघत बसत. क्षिप्रानं तोंड उघडलं की मान वळवत.

साडेअकराला दक्षिणेच्या मंत्र्यांचा तोल गेला.

"तुमच्या फळ्या आतून पोखरलेल्या असतात," ते म्हणाले, "आणि तुमचा शब्दही तसाच. वरून रंग दिलेला, आत वाळवी."

उत्तरेच्या मंत्र्यांच्या हातातला कप बशीत जरा जोरात टेकला. मग त्यांनी मान वळवली आणि ते क्षिप्राकडे बघत थांबले.

त्यांच्या मागे त्यांचे नऊ अधिकारी बसले होते. आदल्याच दिवशी यापेक्षा साध्या टोमण्यावर ते सगळेच्या सगळे उठून गेले होते. आज उठले तर संध्याकाळच्या विमानानं परतणार होते. क्षिप्रानं वहीतल्या खुणांकडे पाहिलं. वाळवीला त्या भाषेत काय म्हणतात हे तिला उत्तम ठाऊक होतं.

"तुमच्या फळ्या आणि तुमचा शब्द आतूनही तितकेच भक्कम आहेत," ती उत्तरेच्या भाषेत म्हणाली, "याची आम्हाला खात्री हवी आहे."

उत्तरेचे मंत्री तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"खात्री देतो," ते अखेर म्हणाले. "त्यांची माणसं आमच्या गिरण्यांत येऊन बसू देत. झाड कुठलं, किती किमतीला तोडलं, सगळं बघू देत."

हे तिनं जसंच्या तसं सांगितलं. दक्षिणेचे मंत्री कागद गोळा करायच्या तयारीत होते, ते थबकले. एवढं ऐकूनही समोरचा माणूस शांत बसलाय, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी कागद पुन्हा खाली ठेवले.

जेवणाच्या सुट्टीत क्षिप्रानं नवऱ्याला, सुबोधला, फोन लावला.

"सुबोध, मी आज एक वाक्य बदललं."

"तू?"

"हो, मी."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"नाही. पण मला माहितीये ना."

"भांडण मिटतंय का?"

"मिटेल असं दिसतंय."

"मग मिटू दे आधी. आणि मग ज्याला सांगायचं त्याला सांगून टाक. परत काम मिळणार नाही कदाचित. पण न सांगता घरी आलीस, तर तुझ्याकडे बघवणार नाही मला."

साडेचारला सह्या झाल्या. दोन्हीकडचं शुल्क सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं उतरणार होतं आणि गिरण्या सोमवारपासून सुरू होणार होत्या. दक्षिणेचा एक तरुण अधिकारी खुर्चीवर बसून रडत होता. त्याच्या वडिलांची गिरणी होती. क्षिप्रा ते बघत उभी राहिली. एवढं मोठं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि बावीस वर्षांचा नेम त्याच सकाळी मोडला होता.

उत्तरेचे मंत्री लिफ्टपाशी एकटेच उभे होते. त्यांचे अधिकारी मागे फोटो काढत होते. ती ताठ मानेनं त्यांच्यासमोर गेली आणि त्यांच्याच भाषेत म्हणाली, "साहेब, सकाळी एक वाक्य मी होतं तसं तुम्हाला सांगितलं नाही. सह्या झाल्यात, तरी तुम्हाला हे कळायला हवं. माझी तक्रार करायची असेल तर खुशाल करा."

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. अधिकारी लांब होते. मग ते हळू आवाजात, दक्षिणेच्या भाषेत, नदीकाठच्या खेड्यांत बोलतात तशा अस्सल हेलात म्हणाले,

"होतं तसं सांगितलं असतंत, तर माझ्या माणसांदेखत मला उठावंच लागलं असतं, बाई. माझी आई दक्षिणेची."