आतल्या घडीवरच्या ओळी

"वांग्याचं भरीत आवडतं, हे छायाचित्रकाराच्या परिचयात कशाला?" नीरजानं आवाज शक्य तितका शांत ठेवला.

"मंग ते काढा," मथुराबाई म्हणाल्या. "पर फोन नंबर ऱ्हाऊ द्या."

मथुराबाई सकाळच्या बसनं मांजरीहून आल्या होत्या आणि सदाशिव पेठेतल्या त्या प्रकाशन कचेरीत संपादक नीरजाच्या टेबलासमोर ठाण मांडून बसल्या होत्या. संध्याकाळी कव्हर छपाईला जायचं होतं. रविवारी प्रकाशन. सगळं तयार होतं, फक्त कव्हरची आतली घडी कोरी होती. तिथं संभाजीचा, म्हणजे मथुराबाईंच्या मुलाचा, परिचय जायचा होता.

पुस्तक मांजरीच्या गुऱ्हाळांवरचं. लिहिलं होतं सुहासिनीबाईंनी. पण खरं सांगायचं तर पुस्तकाचा जीव फोटोंत होता. कढईवरची वाफ, चुलाण्यात चिपाडं सारणारे हात, ढेपेकडे बघणारं पोर. सुहासिनीबाईंना हे फोटो मथुराबाईंच्या ट्रंकेत मिळाले होते.

नीरजाची अडचण वेगळीच होती. या संभाजीला कुणी पाहिलंच नव्हतं. 'बाहेरगावी असतो' एवढंच उत्तर. मथुराबाईंनी दिलेला फोन नंबर गेनबा नावाच्या किराणावाल्याचा निघाला. तिनं फोन केला तेव्हा गेनबा, "संभा व्हय? बाहेरगावी हाय," म्हणाला आणि पुढचं न ऐकता फोन ठेवून दिला. फोटो त्याचेच आहेत कशावरून?

मागच्याच पुस्तकात नीरजाकडून एका फोटोखाली भलत्याचं नाव पडलं होतं. खऱ्या छायाचित्रकारानं भर समारंभात माईक हिसकावला होता. पुन्हा तसं झालं तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं.

"फोटो हाच छापायचा ना?" तिनं पाकिटातला संभाजीचा फोटो उचलला. "यात ते अगदी ताठ, समोर बघतायत. हातात कॅमेरा घेतलेला नाही का एखादा?"

"हाय. पर त्यात तोंड झाकलंय. ह्योच घ्या. कपाळ, कान, समदं नीट दिसतंय."

आईचं कौतुक, नीरजाच्या मनात आलं.

"आन लिवा, त्याच्या वडलांनी क्यामेरा दुरुस्त करून आनलाय."

"बिघडला होता का?"

"पडला व्हता," मथुराबाई म्हणाल्या आणि पदरानं टेबलावरची नसलेली धूळ पुसू लागल्या.

"अहो, पण हा परिचय त्यांचा आहे. वडिलांचं काय लिहायचं त्यात?"

"वडलांना फोटू आवडत्यात, एवढं तरी लिवा की, बाई."

आतल्या खोलीचं दार उघडलं. प्रकाशक दीनानाथराव चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले.

"झाला का परिचय? आपण पुस्तक काढतोय, बारसं नाही."

"परवानगीच्या कागदावर संभाजींची सही अजून मिळालेली नाही," नीरजा चाचरत म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. 'छायाचित्रे : संग्रहातून' असं टाका. नाव नको, परिचय नको."

मथुराबाई उठून उभ्याच राहिल्या. "नाव पायजे, सायेब. फोटूचं पैसं नगं मला. नाव पायजे."

"आणि उद्या तो आमच्या दारात भांडायला आला तर? माझे फोटो मला न विचारता छापले म्हणून?"

मथुराबाईंचा चेहरा एकदम उजळला. "यील का ओ?"

दीनानाथरावांनी चष्मा नाकावर घेतला, बाईंकडे बघितलं, पुन्हा कपाळावर ढकलला.

"आई म्हनून मी सही करती," मथुराबाई म्हणाल्या. "तो भांडाय आला तर मला बलवा. रातच्याला बलवा, मी यीन."

"घ्या त्यांची सही," दीनानाथराव पुटपुटले. "जबाबदारी तुमची, नीरजाबाई." आणि दार लावून घेतलं.

नीरजानं परवानगीचा कागद पुढे केला. मथुराबाईंनी एकेक अक्षर जपून काढलं.

"ह्ये पुस्तक कुठं कुठं जातं?" त्यांनी विचारलं. "ममईला? नागपूरला? ठेसनावरच्या दुकानात ठिवत्यात का?"

"जातं सगळीकडे. शिवाय पेपरात परीक्षण येईल, त्यातही नाव येईल त्यांचं."

"पेपर तो बघत न्हाई. फोटूची पुस्तकं मातुर हातातनं सोडत न्हाई."

छापखान्यातून फोन आला. कव्हर कुठाय? "देतेच," म्हणून नीरजानं फोन ठेवला आणि भराभर लिहून वाचून दाखवलं, "संभाजी हिंदुराव. मांजरीचे रहिवासी. गुऱ्हाळांच्या जीवनाचा त्यांनी आत्मीयतेनं वेध घेतला आहे."

"ह्ये त्याला कळायचं न्हाई," मथुराबाई म्हणाल्या.

नीरजाचा संयम संपला होता. पण त्या बाईंच्या डोळ्यांत असं काही होतं, की तिनं स्वतःच्याच वाक्यावर काट मारली.

"बरं. फोन नंबर ठेवते. कॅमेऱ्याचंही ठेवते. आता शेवटचं एकच वाक्य मावेल. तुम्ही सांगाल तेच लिहिते, आणि एक शब्दही बदलणार नाही. सांगा."

मथुराबाईंनी टेबलावरचा फोटो उचलला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाल्या,

"लिवा, असशील तसा निघून ये. कुनी रागवनार न्हाई."