सतरा नंबरचा डोमकावळा

मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलात गुरुदत्तने बारा वर्षं डोमकावळ्यांचा अभ्यास केला आणि चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तिथेच तो हार्ट अटॅकने गेला. म्हणून दहाव्याचा पिंड त्याच्या केबिनपुढच्या बर्फात ठेवायचा, असं त्याच्या धाकट्या भावाने, बाळने ठरवलं.

पक्षी लगेच आले. गुरुदत्तने त्यांच्या पंखांना नंबर लावले होते, रोज त्याच्या हातचं मांस ते खायचे. आता दहा दिवसांचे उपाशी, पाइनच्या फांद्यांवर बसून ते नुसते भाताकडे बघत राहिले.

"दादाची काहीतरी इच्छा राहिलीय," बाळ म्हणाला आणि हात जोडून एकेक वचन देऊ लागला. आईला सांभाळतो. तुझं पुस्तक छापून घेतो. केबिन विकत नाही.

तास गेला. गुरुदत्तच्या बायकोच्या, रेखाच्या पायांची बोटं बधिर झाली. नवऱ्याची वाट बघण्यात तिचे बारा हिवाळे असेच गेले होते.

"वहिनी, तुम्ही बोला ना काहीतरी."

"माझ्याकडे त्याने कधी काही मागितलंच नाही."

बाळ वैतागला. "मग काय दादा, वहिनींना तुझ्याकडे पाठवून देऊ?"

सतरा नंबरचा डोमकावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. पाठोपाठ सगळे उतरले. शीतही उरलं नाही.

"शिवला एकदाचा," बाळ पुटपुटला आणि रेखाकडे न बघता गाडी गरम करायला निघून गेला.

पक्षी उडाले नाहीत. बर्फावरून चालत ते रेखाभोवती जमले आणि गुरुदत्त मांस घेऊन आला की करायचे तशा माना वर करून त्यांनी चोची उघडल्या.